तीनशेतीनमधलं बूथ

आमच्या घरमालकीणबाई पहिल्यांदा घरात आल्या तेव्हा भिंतींना खिळे किती मारलेत, बेसिनखाली पाणी गळतंय का, यातलं काहीही त्यांनी पाहिलं नाही. त्या सरळ टीव्हीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

आमची मुलुंडची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली होती. नवी होईपर्यंत आम्ही दोन गल्ल्या सोडून बाईंच्या तीनशेचार नंबरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने आलो होतो. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि बारावीतली मुलगी. बाई समोरच, तीनशेतीनमध्ये एकट्या राहायच्या. त्या दिवशी टीव्हीवर व्हिडिओंची ती मोठी साइट उघडी होती. आपण काही मागितलेलं नसतं, तरी हे बघा, ते बघा म्हणून ती चित्रांच्या रांगा पुढे करते. बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि अर्ध्या मिनिटात आमची शिरगणती केली.

"एक पुरुष, त्याचे केस चाललेत. तुझी कंबर दुखते. मुलगी पोहते. आणि ह्या घरात कुणीतरी नोकरी सोडून अळंबी लावायच्या विचारात आहे."

मी नवऱ्याकडे बघितलं.

"नुसतं बघत होतो गं," तो म्हणाला.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. अळंबीचं मला त्या क्षणी कळलं.

"मावशी, तुम्हाला हे कसं कळलं?" मी विचारलं.

"मला कसलं कळतंय? त्याला कळलंय," त्या टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मी फक्त वाचलं. दार उघडं टाकून आंघोळ करता आणि वर विचारता, दिसलं कसं!"

मग मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली," आणि गेल्या.

तीन मिनिटांची गंमत आम्हाला नंतर समजली. बाई टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. परगावी फोन लावायचा तर आधी कॉल बुक करावा लागायचा, त्या काळातल्या. कानाला हेडसेट, समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. ह्या भोकातली दोरी त्या भोकात, की मुंबईतला माणूस रत्नागिरीतल्या माणसाशी बोलायला लागायचा. तीन मिनिटं झाली की मध्ये येऊन विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली तरी बाईंच्या अंगातून ते गेलं नव्हतं. जिन्यात गप्पा रंगात आलेल्या असताना, कुणाच्या सांत्वनाला गेलेल्या असताना, एकदा तर सत्यनारायणाची कथा चालू असताना भटजींनाच त्यांनी हे विचारलं. भटजींनी वाढवलं नाही. उरलेले अध्याय भराभर उरकले आणि प्रसाद लवकर मिळाला.

माणसांना त्या फ्लॅटच्या नंबराने हाक मारायच्या. मी "तीनशेचार", माझा नवरा "तीनशेचारचं एक्स्टेन्शन". सोसायटीचे चेअरमन "एकशेएक". चेअरमनना ते आवडायचं नाही, पण बाईंपुढे बोलायची त्यांची छाती नव्हती. मला मात्र ते सोयीचं वाटायचं. मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीला आहे. दिवसभर बॅच नंबरांशीच बोलते. चूक दिसली की बॅच थांबवायची, एवढंच माझं काम, आणि घरीही मी तशीच आहे असं घरचे म्हणतात. असेन.

तर बाईंचं मुख्य वेड. व्हिडिओ बघायला त्यांचा विरोध नव्हता, उलट त्या रोज बघायच्या. पण त्या मोठ्या साइटच्या पुढच्या दाराने आत जायचं नाही, अशी त्यांची शपथ होती. खातं नाही, नाव नाही, पासवर्ड नाही. जगभर काही हौशी लोकांनी आपापल्या सर्व्हरवर वेगळ्या खिडक्या उघडलेल्या आहेत. व्हिडिओ तेच, पण ते त्या खिडकीतून मागायचे. खिडकीवाला आपल्या वतीने साइटकडून ते आणतो आणि आपल्याला देतो. साइटला दिसतो तो खिडकीवाला. आपण कोण, काय बघितलं, कुठे थांबलो, दुसऱ्यांदा कशाला बघितलं, ह्याचा तिला पत्ता लागत नाही. जाहिराती नाहीत, आणि न मागता वाढणंही नाही.

"म्हणजे मध्ये ऑपरेटर," मी म्हटलं.

"शाब्बास. एका वाक्यात समजलं. एकशेएकला सात दिवस लागले."

"पण मग तो खिडकीवाला बघतच असेल ना, आपण काय मागतो ते?"

बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "बघू शकतो. मीसुद्धा ऐकू शकत होते. म्हणून तर माणूस बघून खिडकी निवडायची."

माणूस दिसत नाही, तरी बाई माणूस बघायच्या. खिडकीच्या पहिल्या पानावर मालकाने काय लिहिलंय ते आधी वाचायचं. "मी अमुक गोष्टीची नोंद ठेवतो आणि इतक्या दिवसांनी पुसतो" असं सरळ लिहिणारा पास. "तुमची गोपनीयता हाच आमचा श्वास" असं लिहिणारा नापास. जाहिरात दिसली, नापास. आणि पास झालेल्याकडेही रोज जायचं नाही. आज एक, उद्या दुसरा. "रोज एकाच वाण्याकडे गेलं की त्याला आपली भाजी तोंडपाठ होते," त्या म्हणायच्या.

ह्या खिडक्या टिकत नाहीत हा त्यातला त्रास. साइटवाले त्या ओळखतात आणि बंद पाडतात, किंवा हौशी मालकच दमतो. म्हणून बाईंकडे एक वही होती, लांबट, पुठ्ठ्याची. रोज सकाळी आंघोळ झाली की त्या एकेक खिडकी उघडून बघायच्या आणि शेरा लिहायच्या. "चालू." "मृत." "चित्र येतं, आवाज नाही." "फिनलंडवाला, सज्जन, पण रविवारी झोपतो." "जर्मन, वेगवान, रागीट." रागीट कसा, असं मी विचारलं तर म्हणाल्या, दोनदा लागोपाठ मागितलं की हाकलून देतो. खिडकी कायमची बंद पडली की तिच्या नावावर लाल पेन्सिलीने रेघ मारायच्या आणि त्या दिवशी जरा गप्प असायच्या.

हे वेड लागलं कसं, तेही त्यांनी एकदा भेंडी चिरता चिरता सांगितलं. नवरा आजारी होता तेव्हा त्याच्या आजाराचे व्हिडिओ त्या बघायच्या. पथ्य काय, कुशीवर कसं वळवायचं. पुढे तो गेला. त्यानंतर दीड-दोन वर्षं रोज सकाळी साइट उघडली की पहिल्या रांगेत तोच आजार. "कुणीतरी सांगायला हवं होतं ना त्याला, की गेला तो माणूस," बाई म्हणाल्या. "मग एक दिवस म्हटलं, बाबा, आजपासून तुझी माझी ओळख नाही." आणि भेंडी टोपात टाकली.

हे सगळं एकटीपुरतं ठेवलं असतं तर त्या साध्या विक्षिप्त म्हातारी ठरल्या असत्या. पण बाईंनी बूथ उघडलं.

त्यांच्या हॉलच्या कोपऱ्यात तारेवर जुन्या चादरीचा पडदा. आत लाकडी खुर्ची, जुना कॉम्प्युटर, कानावर घट्ट बसणारे मोठे हेडफोन. वेळ दुपारी चार ते सहा. घरच्या टीव्हीला किंवा घरच्यांना कळू नये असं ज्याला काही बघायचं असेल, त्याने यायचं. एका वेळी एक माणूस. काय बघायचंय ते बाई विचारणार नाहीत, त्यानेही सांगायचं नाही. बाई पाठ करून, गॅलरीकडे तोंड करून, तांदूळ निवडत बसायच्या. माणूस उठला की त्या आत जाऊन हेडफोन स्पिरिटने पुसून ठेवायच्या. बस.

मला वाटलं होतं, कोण जाणार? आठवड्याभरात जिन्यावर ये-जा वाढली. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी, जिमवाला, नुकतंच लग्न झालेली एक मुलगी. चेअरमनसाहेब तर लागोपाठ तीन आठवडे. ते काय बघतात याच्या पैजा लागल्या. शेअर बाजार, नाहीतर बिल्डरची भानगड, असं माझ्या नवऱ्याचं मत. शेवटी चेअरमनच्या मुलीच्या लग्नात संगीताच्या दिवशी हा गृहस्थ स्टेजवर चढला आणि दोन गाण्यांवर असा काही नाचला, की त्याची बायको खुर्चीतून उठून उभी राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी बाईंच्या कानात विचारलं.

"खालच्या दोनशेतीनने तक्रार केली होती, कुणीतरी पाय आपटतं म्हणून," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं, उंदीर आहेत."

बाई स्वतः काय बघायच्या, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. एकदा बंद दाराआडून त्यांचं हसणं ऐकू आलं होतं, लहान पोरीसारखं, दम लागेपर्यंत. विचारलं तर म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली."

इथपर्यंत सगळी मजा होती. मग माझी मुलगी बूथमध्ये जायला लागली.

मला ते टीव्हीवरून कळलं. टीव्ही माझ्या खात्यावर चालायचा. तीन खाती काढली की तिन्ही पासवर्ड मलाच लक्षात ठेवावे लागतात, म्हणून मी एकच ठेवलं होतं. त्या रांगांमध्ये नेहमी पोहण्याचे व्हिडिओ असायचे. ती आठवीपासून पोहते. पंधरा दिवसांवर निवड चाचणी होती, जिल्ह्याच्या संघासाठी. आणि नेमके ह्याच दिवसांत रांगेतून पोहणं कमी कमी होत गेलं. कंबर होती, अळंबी होती, मुलगी नव्हती. नमुना गायब झाला की तपासणीवाल्याला आधी शंका येते. त्यात ती घरात बोलेनाशी झालेली. हाक मारली तर ओ नाही. दोनदा विचारावं तेव्हा एकदा उत्तर. जेवताना मी तिला "बहिरी झालीस का गं?" म्हणून ओरडलेही होते. मग कारखान्याला सुट्टी होती त्या दिवशी, साडेचारला, मी तिला तीनशेतीनमधून बाहेर पडताना बघितलं.

मला जे सुचलं ते कुठल्याही आईला सुचलं असतं. मुलगा. नाहीतर बारावी सोडायचा विचार. नाहीतर त्याहून वाईट काहीतरी, ज्याचं नाव आपण मनातही घेत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर उशिरा जाईन म्हणून कळवलं आणि सकाळीच बाईंकडे गेले. म्हटलं, मावशी, गच्चीच्या टाकीतून पाणी वाहतंय बहुतेक. टाकीच्या बाबतीत बाई कुणावर विश्वास ठेवत नसत. त्या वर गेल्या. मी पडद्याआड शिरले.

कॉम्प्युटरमध्ये काहीही नव्हतं. काय काय बघितलं त्याची यादी उघडली, रिकामी. खिडकीच्या पानावर शोधायची चौकट, ती कोरी. वही उघडली. फिनलंड, जर्मनी, चालू, मृत. एका माणसाचं नाव नाही, वेळ नाही. वीस वर्षं मी लोकांनी लपवलेल्या चुका शोधून काढतेय. इतकं स्वच्छ टेबल मी कधी बघितलं नव्हतं.

"तीन मिनिटं झाली," मागून आवाज आला. "वाढवायचं का?"

बाई पडदा धरून उभ्या होत्या. गच्चीवर जाऊन यायला इतका कमी वेळ लागत नाही, म्हणजे त्या चौथ्या मजल्याच्या पुढे गेल्याच नव्हत्या, की खालूनच टाकी ऐकून परतल्या होत्या, देव जाणे. मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला.

"माझी मुलगी इथे काय बघते?"

"मला दिसत नाही. मी पाठ करून बसते."

"मावशी, सतरा वर्षांची आहे ती. मी आई आहे तिची. मला कळायला नको?"

"हवं."

"मग सांगा ना!"

बाई चिडल्या की गावाकडचं बोलायच्या, सावंतवाडीकडचं. "माका कित्याक इचारतंस? तिका इचार!"

"ती सांगत नाही."

"विचारलंस?"

अभ्यास झाला का, डबा संपवला का, मोबाइल ठेव, ही काय वेळ आहे यायची, असं सगळं विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं. मी आधी पुरावा गोळा करत होते. पुरावा हातात आला की विचारायची गरज राहत नाही, ही कारखान्यातली सवय.

"घर सोडते मी तुमचं," मी म्हणाले.

"सोड. आधी विचार," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी मुलगी तलावावरून आली. मी स्वयंपाकघरातला गॅस बंद केला, स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. म्हटलं, तू समोरच्यांकडे जातेस ते मला माहिती आहे. काय बघतेस ते माहिती नाही. सांगतेस का?

ती म्हणाली, "ओरडणार नाहीस?"

"ओरडेन. पण आधी ऐकेन."

बराच वेळ ती ओल्या केसांचं पाणी टॉवेलने टिपत राहिली. फक्त उजवीकडचं. मग म्हणाली, "डावा कान वाहतोय."

"कधीपासून?"

"महिना झाला. जास्तच असेल. आणि त्या कानाने कमी ऐकू येतं."

घरी पोहणं बघायचं सोडून ती बूथमध्ये बसून कानात पाणी जाऊ नये म्हणून काय भरायचं ते बघत होती. कानाचा पडदा फाटला तर आपोआप किती दिवसांत भरतो ते बघत होती. टीव्हीवर किंवा माझ्या खात्यावर बघितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी कान रांगेत येऊन बसला असता, आणि मी त्याच दिवशी तलाव बंद केला असता.

"केलाच असता ना तू?" तिने विचारलं.

"केला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं. फक्त चाचणीपर्यंत आई. बारा दिवस राहिलेत."

मी ओरडले नाही. रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी कानात दिवा घालून बघितलं आणि सांगितलं, पडद्याला भोक आहे, आधी औषधाने कान कोरडा करायचा, मग छोटं ऑपरेशन. तोवर पाण्याचा थेंब नाही, नंतरही काही महिने नाही. चाचणी गेली. मुलगी दवाखान्यात रडली नाही, घरी येऊन रडली, आणि नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. ऑपरेशन नीट झालं. पुढच्या वर्षी तिने चाचणी दिली. वेळ थोडा जास्त लागला, निवड झाली नाही. हे जसं घडलं तसंच लिहितेय.

दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी मी समोरचं दार वाजवलं. बाई तांदूळ निवडत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय बघते ते नव्हतं माहीत. कानाचं होतं."

"कसं?"

"हेडफोनची डावी गादी ओली लागायची. पुसताना हाताला कळलं. पस्तीस वर्षं कानाला लावून बसले मी ते, वासानेसुद्धा कळतं."

"कधीपासून?"

"आठ दिवस."

"आणि आठ दिवस गप्प बसलात?"

बाईंनी ताट बाजूला ठेवलं. "नवीन नोकरीत होते तेव्हा एकदा दोरी लावताना कानावर पडलं. मुलीकडचे बोलत होते, मुलीत खोट आहे, लग्न होईपर्यंत बोलायचं नाही. मुलाकडचे माझ्या ओळखीचे. मी जाऊन सांगितलं. लग्न मोडलं. नंतर कळलं, ते दुसऱ्याच मुलीबद्दल बोलत होते. मी अर्धंच ऐकलेलं. तेव्हापासून कानावर पडलं ते बोर्डावरच ठेवायचं."

"हा कान होता मावशी, लग्न नव्हतं."

"म्हणून तर तिला मुदत दिली. म्हटलं, रविवारपर्यंत आईला सांग. नाहीतर मी सांगते."

तो शुक्रवार होता. मी विचारलं, "रविवारी खरंच आला असतात तुम्ही?"

बाईंनी घड्याळ बघितलं नाही. मग म्हणाल्या, "माहीत नाही गं."

त्यांना खोटं बोलता आलं असतं. "हो" म्हटलं असतं तर मी त्यांचे आभारसुद्धा मानले असते. त्या आठ दिवसांबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही, आणि घरही सोडलं नाही. नवी बिल्डिंग होईपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. मुलगी बरी झाल्यावर पुन्हा बूथमध्ये जायला लागली. मी अडवलं नाही. टीव्हीवरचं माझं खातं मीच काढून टाकलं.

आता ती कॉलेजला जाते. आठवड्यातून एकदा मी गॅस बंद करते, स्टूल ओढते आणि विचारते, काय चाललंय. कधी ती सांगते. कधी म्हणते, काही नाही.

काही नाही म्हणाली, की मी उठत नाही.